डिसेंबरची स्ट्रॉबेरी, मार्चची स्ट्रॉबेरी : अहवालातले आकडे का बदलतात

जावळी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. पुण्यातल्या खरेदीदाराच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या स्ट्रॉबेरीची दोनदा तपासणी करून घेतली, एकदा डिसेंबरअखेर आणि एकदा मार्चअखेर. शेत तेच, जात तीच, विंटर डॉन. दुसऱ्या अहवालात क जीवनसत्त्व बरंच खाली आलं, लाल रंगद्रव्य मात्र वर गेलं. ते विचारतात, "प्रयोगशाळेने घोळ घातला का? आणि सगळ्यांत पौष्टिक जात कोणती, म्हणजे पुढच्या वर्षी तीच लावतो. पॉलीहाऊस केलं तर फरक पडेल का, सेंद्रिय केलं तर पडेल का, तेही सांगा."

प्रयोगशाळेची चूक असेलच असं नाही. उलट तुमचे दोन्ही अहवाल एकमेकांना धरून आहेत. स्ट्रॉबेरी नेमकी अशीच वागते.

अडचण 'पौष्टिक' या शब्दात आहे. आपण पोषण ही एकच गोष्ट समजतो, जणू पिंपातल्या पाण्यासारखी ती एकतर वाढते नाहीतर घटते. फळात तसं नसतं. क जीवनसत्त्व वेगळ्या वाटेने तयार होतं, लाल रंग देणारी अँथोसायनिन्स वेगळ्या वाटेने, आणि कच्च्या फळाला तुरटपणा देणारी एलाजिक आम्लाची संयुगं आणखी तिसऱ्या वाटेने. एकाला मानवणारी हवा दुसऱ्याला मानवेलच असं नाही. मी गेली २२ वर्षं महाबळेश्वर, वाई, जावळी या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचे प्लॉट बघत फिरते आहे, आणि एवढी एक गोष्ट समजावून सांगताना मला अजूनही सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

आधी तापमान घेते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याचं मेरीलँडमध्ये बेल्ट्सविल इथे संशोधन केंद्र आहे. तिथे शिओ वांग यांनी केंट आणि अर्लीग्लो या दोन जाती फुलोऱ्यानंतर वेगवेगळ्या तापमानांत वाढवल्या : दिवसा १८ आणि रात्री १२ अंश, दिवसा २५ रात्री १२, दिवसा २५ रात्री २२, आणि दिवसा ३० रात्री २२. हे काम २००० आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. तापमान चढत गेलं तसं फळ आतूनबाहेरून अधिक गडद लाल होत गेलं. अँथोसायनिन्स आणि एकूण फेनॉलिक घटक (रंगद्रव्यं आणि तुरट संयुगं ज्या मोठ्या गटात येतात तो) वाढले. पण साखर, आम्लता आणि क जीवनसत्त्व हे तिन्ही घटत गेले.

आता हे आपल्या डोंगरावर आणून बघा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवसा चोवीस-पंचवीस आणि रात्री बारा-तेरा अंशांच्या आसपास असतं. वेण्णा तलावाच्या खोलगट भागात तर एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठतं. मार्च संपता संपता दुपार तिसाकडे सरकते आणि रात्रही सतरा-अठराच्या खाली उतरत नाही. जावळीच्या पठारावर थोडं अधिकच. म्हणजे तुमच्या शेताने एका हंगामात त्या प्रयोगातल्या थंड बाजूकडची आणि उष्ण बाजूकडची अशी दोन्ही हवा पाहिली, आणि फळानेही तसाच जाब दिला. आपल्या जाती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे तेच येणार नाहीत. दिशा मात्र तीच आली.

हे का होतं? क जीवनसत्त्वाचा कच्चा माल शेवटी साखरच. थंड रात्री फळाचा श्वासोच्छ्वास मंद असतो, दिवसा पानांनी कमावलेली साखर रात्रीत जळून जात नाही. शिवाय फूल ते तोडा हा काळ थंडीत लांबतो आणि फळाला भरायला सवड मिळते. मार्चमध्ये तेच फळ घाईने पिकतं, लहान राहतं, रात्रीची उधळपट्टीही जास्त. ऊन आणि उष्णतेच्या ताणाला झाड जे उत्तर देतं त्यात रंगद्रव्य येतं, म्हणून रंग चढतो.

नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार हे वाचून कोड्यात पडतील. काळ्या द्राक्षाला रात्री उबदार राहिल्या तर रंग नीट भरत नाही, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे आणि तो बरोबरच आहे. म्हणूनच एका फळाचा नियम दुसऱ्या फळाला लावू नये. 'थंडीत रंग येतो' हे द्राक्षाच्या बागेतलं शहाणपण स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर चालत नाही.

आता जातीकडे येते.

आज जगात जी स्ट्रॉबेरी खातात ती मुळात निसर्गात नव्हतीच. उत्तर अमेरिकेतली जंगली स्ट्रॉबेरी, फ्रॅगारिया व्हर्जिनियाना, युरोपात आधीच पोचली होती. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून मोठ्या फळाची फ्रॅगारिया चिलोएन्सिस फ्रान्सला नेली. त्या दोघींचा संकर फ्रान्सच्या मळ्यांत झाला, आणि तो संकर आहे हे १७६६ मध्ये द्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखलं. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण ५६. माणसाच्या पेशीत दोनच संच असतात हे लक्षात घेतलं, तर या झाडात जनुकांची केवढी सरमिसळ शक्य आहे ते कळेल. म्हणून जातीजातींत मोठा फरक पडतो. आहारतक्त्यात १०० ग्रॅममागे साधारण ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लिहिलेलं असतं, पण ती सरासरी आहे. जातवार मोजलं तर कुठे तिशी-चाळिशीत, तर कुठे ऐंशीच्या घरात आकडे मिळतात.

आपल्याकडे लागवडीत असलेल्या बहुतेक जाती बाहेरच्या. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन फ्लोरिडा विद्यापीठाच्या, चँडलर आणि कॅमारोसा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या. नाबिलाही आपल्याकडे आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. यांतली कोणतीही जात निवडताना पैदासकाराच्या मनात पहिल्या ओळीत क जीवनसत्त्व नव्हतं. लवकर येणं, मोठं फळ, प्रवासात टिकणं, रोगाला दाद न देणं, हे होतं. स्वीट चार्ली लवकर येते, गोड, रंगाने नारिंगीकडे झुकणारी, पण सालीने नाजूक. कॅमारोसा कडक, गडद, आतपर्यंत लाल. रंगद्रव्याच्या तपासणीत कॅमारोसा वर राहते, यात नवल नाही. पण त्यावरून तिच्यात क जीवनसत्त्वही जास्त असेल असं कुणी म्हणालं, तर मी लगेच मान डोलावणार नाही.

याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पांढरी स्ट्रॉबेरी. वाई तालुक्यात अलीकडे फ्लोरिडा पर्ल ही पांढरी जात लावली गेली, तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं, "ताई, रंगच नाही तर त्यात आहे काय?" पांढऱ्या जातींत लाल रंगद्रव्य तयार करण्याची कळ बंद असते. क जीवनसत्त्वाची कळ वेगळी आहे आणि ती तिच्या जागी चालू असते.

पोषण हेच उद्दिष्ट ठेवून जाती करणारेही आहेत. इटलीत अँकोनाच्या विद्यापीठाने लागवडीतल्या जातींचा जंगली फ्रॅगारिया व्हर्जिनियानाशी पुन्हा संकर करून अशा ओळी निवडल्या, आणि रोमिना, क्रिस्टिना यांसारख्या जाती बाहेर काढल्या. त्या तिथल्या थंडीसाठी आहेत. आपल्या छोट्या हिवाळ्यात त्या फुलतील की नाही, हा वेगळाच प्रश्न. तेव्हा केवळ नाव ऐकून रोपं मागवू नका.

थोडक्यात, जात छताची उंची ठरवते. त्या छतापर्यंत पोचायचं की खालीच राहायचं, ते तुमच्या व्यवस्थापनावर आणि हवेवर आहे. आणि व्यवस्थापनात माझ्या मते सगळ्यांत मोठा गुन्हेगार नत्र आहे.

भिलारच्या बाजूला दोन सख्ख्या भावांची रानं शेजारीशेजारी आहेत. एकच लाल माती, एकाच रोपवाटिकेचे रनर (मूळ झाडाच्या धावत्या फांदीवर तयार झालेली रोपं), एकाच आठवड्यातली लागवड. धाकटा ठिबकमधून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) फळधारणा झाल्यावरही तसंच सोडत राहिला, कारण पानं काळीशार दिसत होती आणि फळ टपोरं येत होतं. थोरल्याने फुलोरा आल्याबरोबर नत्राला हात आखडता घेतला आणि ०:०:५० वर, म्हणजे नत्र नसलेल्या पालाशच्या खतावर, आला. त्याचं फळ डोळ्यांना जरा लहान. जानेवारीत मी दोघांकडे ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) मोजला तेव्हा थोरल्याचा वर, आणि पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, टिकलाही त्याचाच माल. धाकट्याच्या विक्रीच्या पट्टीवर वजन जास्त होतं, हेही खरं, आणि तेही लपवून चालणार नाही.

भरपूर नत्र मिळालं की झाड पानं आणि प्रथिनं करण्यात गुंतून जातं. दाट पानांच्या सावलीत फळाला ऊन मिळत नाही. फळ पाण्याने फुगतं. फळं-भाज्यांच्या क जीवनसत्त्वावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसतं : नत्र वाढवलं की ते घटतं, आणि पाणी जरा जपून दिलं की ते वाढतं. फेनॉलिक घटकांचीही तीच कथा, कारण ते झाडाच्या बचावाचं साहित्य आहे आणि लाडावलेलं झाड बचाव कशाला करील? पाणी जपून म्हणजे रोपाला सुकवून नव्हे. स्ट्रॉबेरीची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, दोन दिवसांची चूक तिला सोसत नाही. दुपारी पान मलूल होत असेल तर तुम्ही फार ताणलं आहे.

सेंद्रियच्या प्रश्नाचं उत्तर मी याच ठिकाणी देते, कारण ते नत्राशी जोडलेलं आहे. कॅलिफोर्नियात मृदाशास्त्रज्ञ जॉन रेगनॉल्ड आणि सहकाऱ्यांनी सेंद्रिय आणि नेहमीच्या अशा १३ शेतजोड्या घेऊन स्ट्रॉबेरीची तुलना केली. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. सेंद्रिय फळात क जीवनसत्त्व आणि फेनॉलिक घटक सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघाले. फळ मात्र लहान होतं, आणि पोटॅश व स्फुरद थोडं कमी. म्हणजे फरक खरा आहे, पण जातीजातींत किंवा डिसेंबर-मार्चमध्ये पडतो तेवढा मोठा नाही. माझं मत असं की त्या फरकातला बराच वाटा नत्र सावकाश मिळाल्याचा आणि फळ लहान राहिल्याचा आहे. कोंबडीखत बेसुमार टाकून केलेल्या 'सेंद्रिय' शेतीत तो फायदा मिळेल अशी आशा धरू नका. सेंद्रिय करायचं तर मातीसाठी आणि फवारणीतून सुटण्यासाठी करा. त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे.

फळाच्या आकाराचं आत्ताच म्हटलं, त्यावर आणखी थोडं. ज्या फळांचा रंग सालीतच असतो, तिथे लहान फळ हमखास वरचढ ठरतं. फळाचा व्यास दुप्पट झाला की वजनाच्या मानाने साल निम्मी होते, हे साधं गणित आहे. बाजारात मिळणारी परदेशी ब्लूबेरी कापून बघा, आतला गर फिकट हिरवट. तिचा सगळा दिमाख सालीत आहे, आणि क जीवनसत्त्व तर १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅमच्या आसपास, स्ट्रॉबेरीच्या सहाव्या हिश्श्याएवढं. आपल्या जांभळाचंही तसंच. पालघरच्या बहाडोलीचं टपोरं, गरदार जांभूळ खायला सुख आहे, पण रानातल्या बारक्या जांभळात गराच्या मानाने साल जास्त, म्हणून जीभही जास्त जांभळी होते आणि घसाही जास्त धरतो. स्ट्रॉबेरीत रंग आत पसरलेला असतो, त्यामुळे हा नियम तिथे थोडा सौम्य होतो. पण तिच्या अंगावर आपण ज्यांना बिया म्हणतो (वनस्पतिशास्त्रात खरी फळं तीच, आणि लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक), त्या वजनाने जेमतेम एक टक्का असूनही फळातल्या एकूण फेनॉलिक घटकांपैकी दहाव्या हिश्श्याहून अधिक बाळगून असतात. लहान फळात त्या दाट असतात. गाळून केलेल्या सरबतात त्या जातात, म्हणून मी घरी गाळत नाही.

पॉलीहाऊसबद्दल. उन्हातला अतिनील भाग झाडाला रंगद्रव्य आणि फेनॉलिक घटक करायला डिवचतो. आपल्याकडे मिळणारा बराचसा प्लास्टिक कागद तोच भाग अडवतो, म्हणून त्याखालचं फळ सुबक असलं तरी रंगाला मार खातं. अतिनील किरण आत सोडणारे कागदही असतात, पण घेताना विचारून घ्यावं लागतं. महाबळेश्वरच्या पट्ट्यात नोव्हेंबरनंतर निरभ्र, खणखणीत ऊन असतं. ते देवाने फुकट दिलेलं असताना त्यावर कागद ताणायला माझं मन घेत नाही. अवकाळी पावसासाठी गादीवाफ्यावर तात्पुरता बोगदा असणं वेगळं. पाऊस फळात पाणी भरतो आणि मागून राखी बुरशी आणतो, तेव्हा तो हवाच. पण ऊन पडलं की बाजू उघडा. फेब्रुवारीनंतर शेडनेट घालून क जीवनसत्त्व वाचवू असं काहींना वाटतं. तापमान थोडं उतरतं खरं, पण प्रकाशही उतरतो, आणि प्रकाश कमी झाला की क जीवनसत्त्वही घटतं. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं.

तोड्याविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्ट्रॉबेरी केळ्या-आंब्यासारखी आढीत पिकत नाही. तोडल्यावर ती पेटीत लाल होते, पण साखर वाढत नाही. आणि क जीवनसत्त्व तर फळ मऊ पडण्याशीच बांधलेलं आहे. स्पेनमध्ये माळगाच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की पिकताना पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन सुटतं, त्यातून निघणाऱ्या आम्लापासून स्ट्रॉबेरी क जीवनसत्त्व घडवते. म्हणजे फळ मऊ होणं आणि क जीवनसत्त्व भरणं ही एकाच कामाची दोन अंगं. मुंबईच्या गाडीसाठी खांद्याशी पांढरं असतानाच तोडलेलं फळ या अर्थाने अर्धवट सोडलेलं काम आहे. दुरून येणाऱ्या मालाला इलाज नसतो हे मला कळतं. पण तुमचा खरेदीदार पुण्याचा आहे, वाटेवर तीन-चार तास. त्याच्यासाठी पूर्ण लाल तोडा. पहाटे तोडा, सावलीत भरा, आणि शेतातली ऊब तासाभरात काढून टाका. थंड ठेवलेल्या, न खरचटलेल्या स्ट्रॉबेरीत क जीवनसत्त्व आठवडाभर बऱ्यापैकी टिकतं, कारण तिच्या अंगी आम्लता आहे. उन्हात तापलेल्या आणि दबलेल्या फळात ते झपाट्याने उडतं. जातीने दिलेलं सगळं तिथे एका दुपारीत हातचं जाऊ शकतं.

तपासणीबद्दलही लिहिते, कारण अहवालात दिसणारा काही फरक तिथूनही आलेला असू शकतो. दोन्ही वेळी नमुना कसा घेतला होता? वाफ्याच्या उन्हाच्या बाजूचं फळ आणि सावलीच्या बाजूचं फळ सारखं नसतं. घोसातलं पहिलं मोठं फळ आणि मागून आलेलं चौथं फळ सारखं नसतं. प्लॉटच्या सगळ्या भागांतून, दोन्ही बाजूंची, एकाच पक्वतेची तीस-चाळीस फळं घ्या, देठासकट, न धुता. बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. जमणार नसेल तर गोठवून पाठवा. फळं वाटून मग पाठवणं हा सगळ्यांत वाईट प्रकार, कारण पेशी फुटल्या की हवा क जीवनसत्त्व खायला लागते. प्रयोगशाळाही म्हणूनच फळ वाटतानाच त्यात आम्ल घालते. आणि ब्रिक्सच्या आकड्यावरून क जीवनसत्त्वाचा अंदाज बांधू नका. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मुख्यतः साखर सांगतो, बाकी काही नाही.

मग जात कोणती? एकच नाव मी देणार नाही. तुमच्याकडे विंटर डॉन रुळली आहे, ती ठेवा. रंगावर विकायचं असेल तर एखाद-दोन वाफे कॅमारोसाचे लावून बघा. चवीवर विकायचं असेल तर स्वीट चार्ली, पण ती जवळच्याच गिऱ्हाईकाला. खरेदीदाराला डब्यावर पोषणाचा एकच आकडा छापायचा असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. तो आकडा डिसेंबरला खरा असेल आणि मार्चला खोटा पडेल. त्याऐवजी जात, तोड्याची तारीख आणि पूर्ण लाल तोडलेलं फळ, एवढं लिहा.

गिऱ्हाईकांनीही घाबरू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. १०० ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच असलेली मार्चची स्ट्रॉबेरी घेतली तरी २०० ग्रॅमच्या एका पनेटमध्ये ती गरज भागते. नुसतं क जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरू कितीतरी पुढे आहे आणि स्वस्तही. हे मी स्ट्रॉबेरीवाल्यांच्या बैठकीतही सांगते.

पुढच्या हंगामात तीन नमुने घ्या : डिसेंबरचा दुसरा आठवडा, जानेवारीअखेर आणि मार्चचा पहिला आठवडा. प्रत्येक वेळी त्याआधीच्या पंधरवड्यातलं रोजचं कमाल-किमान तापमान आणि ठिबकमधून सोडलेलं नत्र वहीत लिहून ठेवा. शक्य झालं तर एका वाफ्याला फुलोऱ्यानंतर नत्र निम्मं करा आणि त्याचा नमुना वेगळा पाठवा. ती वही घेऊन एप्रिलमध्ये भेटा, आपण ओळ न् ओळ बसून बघू.